माइक हातात घेण्याआधी

प्रिय मैत्रेयी,

माझं सगळं बदललं तो क्षण मला नेमका सांगता येतो. हरिसिंगभाऊंच्या वावरातला रोडग्यांच्या जेवणाचा कार्यक्रम, पंगत अर्धी उठलेली, माझ्या हातात माइक, आणि तुझ्या बाबांनी, वामनकाकांनी, माझ्या डाव्या कानाशी तोंड आणून म्हटलं, “मुकुटबनचे संघदीप अन् आपली मैत्रेयी, दोघायच्या साक्षगंधानिमित्त, लेकरायच्या वसतिगृहाले भेट.” मी तेच मोठ्या आवाजात सगळ्या वावराला सांगितलं. वर सवयीनं “जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या” असंही म्हटलं. टाळ्या वाजल्या, आणि त्या संपता संपता मला कळलं की मी काय बोललो, तुझाच साखरपुडा पुकारला.

लोकांना वाटतं पुकारणं म्हणजे नुसता आवाज. तसं नसते. आपल्याकडे दान देणारा कोणी उठून “माझं नाव घ्या” म्हणत नाही, लाज वाटते. तो वामनकाकांच्या कानात सांगतो, काका माझ्या कानात सांगतात, गाव, नाव, कोणा कालकथिताच्या, गेलेल्या माणसाच्या, स्मृतीत ते सगळं, आणि ते पुढचा माणूस येण्याआधी माझ्या तोंडातून बाहेर पडलं पाहिजे. कानातून थेट तोंडात. मध्ये डोकं आणलं की गाडी अडली. तुला विहारातला तो कार्यक्रम आठवते का? काका मला म्हणाले, “पाणी सांग रे कोणाले, घसा सुकला,” आणि मी पुकारलं, “आदरणीय वामनरावजींकडून पाणी सांग रे कोणाले घसा सुकला, टाळ्या!” सगळा मांडव लोळला. तू तर खांबाला धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी. मी तुझ्याकडे पाहत राहिलो आणि पुढची दोन नावं चुकीच्या गावांची पुकारली. त्या दिवशी मला काय झालं ते मला तेव्हाच कळलं होतं. तुला कळलं नसेल. तू पदरानं डोळे पुसून परत पाकिटं गोळा करायला लागली.

किती ऐकलं आपण श्रीलंकेतल्या वसतिगृहाच्या त्या लेकरांपायी! रामधनच्या चहाटपरीवरून जायची सोय नव्हती. “काहो, लंकेले पैसे पाठवता म्हणे? रावणाचं घर पडलं का?” मी भांडायला उठायचो, एकदा तर त्याची किटली लाथाडली, आणि तू मला मागं ओढून शांतपणे त्यालाच दोन कूपनं विकली. तू म्हणायची, आपल्या घाटंजीचे भन्ते तिकडे चहाच्या मळ्यात पोरं सांभाळतात, त्या पोरांच्या आया दिवसभर पाठीवर टोपली घेऊन पाती खुडतात, आपल्या आया कमरेला ओटी बांधून कापूस वेचतात, फरक काय हाय रामधनभाऊ? पुढच्या कार्यक्रमाला चहा त्यानं फुकट दिला, आणि तेही पुकारायला लावलं.

मग तूच ती युक्ती काढली. विहाराच्या भिंतीवर पांढरं धोतर ताणायचं आणि कार्यक्रमाआधी व्हिडिओ कॉलवरची ती पोरं प्रोजेक्टरनं त्यावर सगळ्यांना दाखवायची. ती बारकी सेल्वी, समोरचे दोन दात पडलेली, मी तिला ‘का’ म्हणायला आपलं “काहून” शिकवलं. नंतर ती कशालाही काहून म्हणायची. नमस्कार केला तरी काहून. बाया हसून हसून रडायच्या आणि पदराची गाठ सोडायच्या. मी पोरांना हात करायचो, ती पोरं नयनदादा, नयनदादा ओरडायची. पलीकडे फोन धरणारा मात्र कधी दिसत नसे. फक्त त्याचा आवाज यायचा, “सेल्वी, मागं सरक बेटा.” तिथं शिकवायला गेलेले आपल्या मुकुटबनचे सर, एवढंच मला ठाऊक. आता कळते. मी पोरं पाहत होतो, आणि तू फोन धरणाऱ्याचा आवाज ऐकत होती.

मी कॉलेज कायले सोडलं हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणजे त्यांना वाटते ठाऊक आहे. हजेरीवरून सरांशी जुंपली, मी त्यांच्या टेबलावर ओळखपत्र आपटलं, खरं आहे ते. पण त्यांनी परत बोलावलं होतं. दोन ओळी लिहून दे, परीक्षेला बस, म्हणाले. मी यवतमाळच्या बसमध्ये बसलोही होतो. तेवढ्यात तुझा फोन आला, रविवारी भीमगीतांचा कार्यक्रम ठरला, आणि तू म्हणाली, “नयन, तुझा आवाज नसला तर लोक खिशात हातच घालत नाहीत.” मी लोहाऱ्याला उतरलो आणि उलट्या बसनं परत आलो. तू बोलवलं नव्हतं, तू फक्त एक वाक्य बोलली होती. आई अजून विचारते, काय भेटलं तुले? मी म्हणतो, समाजकार्य. ती चूल फुंकते.

रोडग्यांच्या दिवसाचं सांगतो, कारण ते तुला ठाऊक नाही. सकाळी मी आरावर बसलो होतो. गोवऱ्या पेटून लाल झालेल्या, रोडगे टाकलेले, धुरानं डोळे चुरचुरत होते. तू मागून आली, माझ्याशेजारी उकिडवी बसली आणि म्हणाली, “नयन, तुले एक सांगायचं हाय.” मैत्रेयी, मी तुझ्याकडे पाहिलंही नाही. मी म्हटलं, “थांब ना, आधी रोडगे उलटू दे, जळतीन.” खोटं होतं ते. रोडग्यांना अजून वेळ होता. मला ते वाक्य एवढ्यात संपवायचं नव्हतं. लहानपणी लाडू मिळाला की मी तो दिवसभर खिशात ठेवून फिरायचो, तसं. मला वाटलं, संध्याकाळी सगळे गेले की तू सांगशील, मी ऐकीन. तू थोडा वेळ बसली, काडीनं राख उकरली, आणि धुरपताबाईंनी वांग्याच्या भाजीचं मीठ पाहायला हाक मारली म्हणून उठून गेली. मी दिवसभर वावरात उडत होतो. राख झटकून रोडगे तुपात बुडवत होतो आणि गाणं म्हणत होतो. हरिसिंगभाऊ म्हणाले, “काय बे नयन, लगन ठरलं का तुझं?” मी नुसता हसलो.

पुढचं सगळ्यांनी पाहिलं. टाळ्या संपल्या आणि मी माइक वरणाच्या मोठ्या गंजात टाकला. हात घसरला म्हणतात लोक, म्हणू दे. टाकला मी. डबडब आवाज सगळ्या तुरीत घुमला आणि पोरं हसायला लागली. काका पळीनं माइक शोधत होते, “अरे करंट लागन, मागं सरका!” आणि मी हरभरा तुडवत निघालो. मागे वळलो नाही. तू मला हाक मारली की नाही, ते मला माहीत नाही. मारली असेल तर मला ऐकू आली नाही. नसेल मारली, तर तेच बरं.

तेव्हापासून मी या खोलीत आहे. तू दोनदा येऊन गेली. आईनं दारातून सांगितलं झोपला हाय, आणि मी पलंगावर टक्क जागा, तुझ्या चपलेचा आवाज कुंपणापर्यंत मोजत... नाही, ऐकत. काय काय शिव्या दिल्या मी संघदीपला मनात. एकही बसत नाही त्याला. माणूस परक्या देशात जाऊन दुसऱ्याच्या पोरांची नाकं पुसतो, त्याला काय शिवी देशील? राग यायला तरी काही ठेवायचं होतं त्यानं माझ्यासाठी. आता तूही तिकडेच जाणार. आणि ते वसतिगृह उभं राहावं, छप्पर टिकावं, वर्ग चालावा, म्हणून घसा फाडून पुकारत कोण होतं? मीच तुझं घर बांधून राह्यलो होतो, मैत्रेयी, आणि मला वाटत होतं ते लंकेतल्या पोरांचं आहे.

काल तू तिसऱ्यांदा आली तेव्हा मी दाराला कान लावून उभा होतो. तू आईला म्हणाली, “काकू, लग्नात आम्ही आहेर घेणार नाही. जो तो लेकरायच्या नावानं देईन, अन् ते पुकारायचं हाय.” आई म्हणाली, मग त्या आयुषले सांग. तू म्हणाली, “त्यानं पुकारून पाह्यलं. रेशनच्या दुकानात नंबर वाचल्यावानी वाचते. नयन नाही आला तरी चालन काकू, पण मी माइक दुसऱ्याच्या हातात देणार नाही. तो टेबलावरच राहीन.” जाताना तू, मला ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं, म्हणाली, “सेल्वी विचारून राह्यली, नयनदादा काहून दिसत नाही.”

आत्ता विहाराकडून आवाज येतो आहे. हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग. आयुषच आहे, आणि खरंच रेशनच्या दुकानासारखा आहे. आईनं माझा पांढरा सदरा इस्त्री करून खुर्चीवर ठेवला आणि पुढे निघून गेली. थोड्या वेळात तू पांढऱ्या साडीत त्याच्या शेजारी उभी राहशील, त्रिसरण होईल, पंचशील होईल, आणि मग वामनकाका माझ्या डाव्या कानाकडे वळतील. तेव्हा हे सांगतो, हे पत्र मी तुला द्यायला लिहिलं नाही. माझ्या तोंडाची खोड तुला ठाऊक आहे, कानात पडलं की बाहेर. आणि त्या दिवसापासून माझ्या कानात मीच एक वाक्य सांगत बसलो आहे, झोपेतसुद्धा. पाणी सांग रे कोणाले, तसं ते आज भर मांडवात निघून गेलं असतं, वर मीच टाळ्याही मागितल्या असत्या. म्हणून ते इथं काढून ठेवलं, एकदाच लिहितो: माझं तुझ्यावर प्रेम आहे. झालं. तोंड रिकामं आहे आता. आज त्यातून फक्त लोकांची नावं निघतील, आणि तुमच्या दोघांचं एकत्र पुकारायचं आलं तर तेही निघेल, आवाज न कापता. पत्र उशीखाली ठेवतो, सदरा चढवला, निघतो, आणि दार बाहेरून ओढून घेतो.

या दारापर्यंत तुझाच,
नयन