बाह्या, कॉलरी आणि फुकटचा बॅकअप

चि. धाकटोबा यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. (एरवी 'अनेक उत्तम' असं लिहिते. या खेपेला थोडे हातचे राखले आहेत, कारण मागच्या फोनवर तू जे बोललास ते मी विसरलेले नाही.) तुझी पाठ कशी आहे? खुर्चीत बसून पाठ कशी दुखते हे मला अजून कळलेलं नाही. मी जन्मभर कटिंगच्या टेबलाशी उभी राहिले आणि माझं फक्त डोकं दुखतं, तेही तुझा फोन आला की. इकडे तुझे भावजी बरे आहेत. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून ते घरातली चालू घड्याळं दुरुस्त करतात, त्यामुळे सध्या आमच्या प्रत्येक खोलीत वेगळी वेळ आहे.

तर, तू फोनवर दोन गोष्टी म्हणालास. एक, ताई, बॅकअप घे. दोन, उगीच फुकट ते पौष्टिक करू नकोस, वर्षाची वर्गणी भरून चांगलंसं घे. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, या न्यायाने पहिली गोष्ट मी ऐकली. कॉम्प्युटरमध्ये काय आहे हे तुला ठाऊक आहे. शिवणवर्गाच्या पुस्तकाची सगळी पेपर कटिंगं, म्हणजे माझ्या आयुष्यातल्या यच्चयावत बाह्या, कॉलरी, मुंढे आणि विजारी. हात शाबूत होता तेव्हा काढलेल्या. आता खडू धरला की बोटं थरथरतात आणि मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतात त्या खाचेची, गोलाई बटाट्यासारखी येते, म्हणून वर्गातल्या बायकांनी ती एकेक आकृती स्कॅन करून आत चढवली. पुस्तक छापखान्यात जायचं होतं. तेव्हा बॅकअप हवाच होता, त्यावर माझं-तुझं भांडण नाही. पण माझ्या बाह्या परक्याच्या कपाटात ठेवायच्या, वर्षानुवर्षं त्या कपाटाचं भाडं भरायचं, आणि एका वर्षी चुकलं की त्यानं त्या रस्त्यावर भिरकावायच्या, हे मला मान्य नाही. तेव्हाही नव्हतं, आजही नाही. (आजचं मुद्दाम लिहिते आहे.)

मग मी फुकटातली सॉफ्टवेअरं पाहायला बसले. पहिलं दिसायला गोजिरवाणं होतं. घरगुती वापराला फुकट, असं वर लिहिलेलं. वर्ग घरातच चालतो म्हणून मी बेधडक 'घरगुती' वर टिचकी मारली. दुसऱ्या दिवसापासून त्यानं रोज सकाळी विचारायला सुरुवात केली की पूर्ण आवृत्ती घेणार का. मग दुपारीही. खाली बटणं दोनच, 'आत्ता घेते' आणि 'नंतर आठवण करा'. 'नको' हे बटणच नाही! अरे, दारावर येणाऱ्या विक्रेत्यांना नको म्हणण्यात माझी हयात गेली, आणि माझ्याच टेबलावर मला नको म्हणायची सोय नसावी? काढून टाकलं. (जाताना त्यानं विचारलं, आम्हाला का सोडता? मी सविस्तर कारणं लिहिली, शिवाय त्याच्या व्याकरणाच्या तीन चुकाही दाखवल्या. त्यावर आभाराचा निरोप आला, आणि त्याच्याखाली पूर्ण आवृत्तीची जाहिरात.)

दुसरं कुणा परोपकारी मंडळींनी फावल्या वेळात केलेलं होतं. त्यात जाहिरात नाही, चित्र नाही, बटणही नाही. एक काळी खिडकी उघडते आणि तिच्यात एक रेघ लुकलुकते. ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. त्या मंडळींच्या चर्चेच्या पानावर मी नम्रपणे विचारलं, सुरुवात कुठून करू? एकानं लिहिलं, आधी माहितीपुस्तिका वाचा. दुसऱ्यानं लिहिलं, ती पुस्तिका कधीच जुनी झाली. मग ते दोघं एकमेकांच्या उरावर बसले आणि माझा प्रश्न राहिला बाजूला. भांडण अजून चालू आहे. तुझे भावजी रोज चहाबरोबर वाचतात आणि दुसऱ्याची बाजू घेतात, कशाबद्दल ते न कळता.

तिसरं मात्र माणसासारखं बोललं. बॅकअप कसा हवा, पूर्ण, वाढीव की आरसा, असं विचारलं. पूर्ण म्हणजे दर खेपेला अख्खा कोट नव्याने शिवायचा. वाढीव म्हणजे कोट एकदा शिवून पुढे नुसती ठिगळं लावत जायची. आरसा म्हणजे इकडे जसं, अगदी तसंच तिकडे. आता शिवणकाम करणाऱ्या बाईनं ठिगळं निवडावीत की आरसा? बाहेरची डिस्क जोडली, रोज संध्याकाळची वेळ लावली, आणि आठवडाभर सगळं इतकं सुरळीत चाललं की तुला फोन करून टोमणा मारायचं मी दोनदा ठरवलं होतं.

इथे आमच्या धंद्यातली एक रीत तुला सांगायला हवी. आकृती आधी रद्दी वर्तमानपत्रावर काढायची. जमली की खाकी कागदावर उतरवायची आणि वर्तमानपत्र तिथल्या तिथे फाडून टाकायचं. दोन्ही ठेवली की कुणीतरी शहाणी चुकीच्या कागदावरून कापड कापते आणि कोटाला एक बाही आखूड होते. ही शिस्त मी वर्गाला इतकी वर्षं घोकून शिकवली आहे. त्याच शिस्तीने स्कॅन झाल्यावर खाकी कागद रद्दीत गेले. आणि मागच्या आठवड्यात कॉम्प्युटर जागा संपली म्हणून कुरकुरायला लागला, तेव्हा मी आधी डिस्क उघडून पाहिली. सगळ्या बाह्या तिकडे नीट उतरलेल्या होत्या, अगदी एकूण एक. मग कॉम्प्युटरमधल्या मी पुसून टाकल्या. केराची टोपलीही रिकामी केली, अर्धवट काम मला आवडत नाही. संध्याकाळी आरशाने इकडे पाहिलं. इकडे काही नव्हतं. म्हणून त्याने तिकडेही काही ठेवलं नाही, आणि हिरव्या अक्षरांत कळवलं, काम यशस्वी.

मी शिलाई मशीनवर डोकं टेकून रडले. खोटं कशाला सांगू?

पण तू आता गालातल्या गालात हसत असशील तर ते आधी बंद कर. सॉफ्टवेअरची यात काडीचीही चूक नाही. सांगितलं तेच त्यानं केलं, वेळेवर केलं, आणि पुन्हा वर पूर्ण आवृत्तीचं विचारलं नाही. तुझ्या वर्गणीवाल्यानं हेच केलं असतं, फक्त पैसे घेऊन. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तर नाही जात, बस! मी पुन्हा फुकटातलंच घेणार. फक्त या वेळी वाढीव. ठिगळं तर ठिगळं.

पाठीला शेक दे, घरच्यांना माझी आठवण सांग. लोभ भरपूर असू दे, उपदेश मात्र तुझ्याकडेच ठेव.

तुझी,
ताई

ता. क. : वरच्या मजकुराशी याचा संबंध नाही, पण रजा काढून तू इकडे येऊन बरेच दिवस झाले. गल्लीतला दुरुस्तीवाला म्हणतो, पुसलेलं लगेच नाहीसं होत नाही, वरून नवं काही लिहिलं नाही तर परत काढता येतं. मात्र स्वतः हात लावायला तो घाबरतो. तशा कामाचं काही तुझ्याकडे असेल तर घेऊन ये. (फुकटातलं असेल तर उत्तम.)

ता. क. २ : कॉम्प्युटर बंद करून वर चादर घातली आहे. तुझे भावजी डिस्क खोलून बघू म्हणतात, म्हणून त्यांचे सगळे स्क्रू-ड्रायव्हर मी लपवले आहेत. पण ते सापडायच्या आत ये. मला खरंच भीती वाटते आहे रे. हा हात ते पुन्हा काढू शकणार नाही.

ता. क. ३ : वर्गातल्या बायका फार चिडल्या आहेत. आरसा तू निवडलास असं मी त्यांना सांगितलं आहे. दुसरं काय सांगणार होते? तेव्हा दारातून आत येताना मान जरा खाली असू दे, आणि सगळ्यांसमोर 'चुकलं, ताई' एवढं म्हण. मी मोठ्या मनाने माफ करीन.