तात्या आणि काकांच्या मधे तू

आई, मी नेमकं काय काम करते ते तू कितीदा विचारलंस आणि दर वेळी मी "कॉम्प्युटरचं" म्हणून तुला कटवलं. पणदऱ्याच्या मावशीला तू सांगायचीस, "पोरगी कॉम्प्युटरात हाय, पर फुकट बी काम करती म्हणं." त्यातलं 'फुकट' मला फार लागायचं. तू गेल्यावर इतक्या वर्षांनी मला सांगायचं कसं ते सुचलंय, म्हणजे माझी अक्कल बघ.

सणसरचं आपलं स्वयंपाकघर. तात्या आणि काका, सख्खे भाऊ, बांधावरून अबोला धरलेले, तरी जेवायला एकाच वेळी, एकमेकांकडे पाठ करून. चुलीपाशी तू. काका म्हणतात, "वैनी, सांगा त्यास्नी, पाणी माझ्या उसात घुसलंय, डोळं फुटल्यात का?" तात्यांना ते स्वच्छ ऐकू आलेलं असतं, पण ते भाकरी मोडत तुझ्या बोलण्याची वाट बघतात. तू म्हणतेस, "भावजींच्या उसात पाणी शिरलंय. आत्ताच बंद कराया पायजे." तात्या हात धुऊन निघतात. एकदा तू गोठ्यात होतीस म्हणून मी पुढारपण केलं आणि काकांचा निरोप डोळ्यांसकट जसाच्या तसा पोचवला. दोघं ताटावरून उठले, बाह्या सरसावल्या. तू धावत आलीस. नंतर मला म्हणालीस, "निरोप समदा सांगायचा, कायबी लपवायचं न्हाय. पर ऐकणाऱ्याला उमगंल असा सांगायचा."

आई, मी तेच काम करते गं. कारखान्यातलं यंत्र, डेअरीतला जुना कॉम्प्युटर, हातातला फोन, प्रत्येकाची नेटवर्कवर बोलायची तऱ्हा निराळी. आमचं फ्रेमवर्क त्यांच्या मधे बसतं, म्हणजे प्रोग्राम एकदाच लिहायचा आणि तो कुठंही चालतो. ते सगळ्यांसाठी खुलं आहे, देशोदेशीची माणसं मिळून ते लिहितात, पैसे कुणी मागत नाही. यंदा मी लिहिलेला एक मोठा भाग त्यात जायचा होता आणि तपासणारे तो पुन्हा पुन्हा परत पाठवत होते. जोडणी तुटली की प्रत्येक प्रणाली आपापल्या भाषेत ओरडते. ती ओरड मी तशीच वर, प्रोग्रामकडे पाठवत होते आणि तो गांगरून बंद पडत होता. इतकी वर्षं घातलेली, आणि आता हे आपल्याला जमत नाही असं वाटायला लागलं. मग एकदम तू आठवलीस. सगळं नव्यानं लिहिलं. खालून कुणी कसंही ओरडो, वर एकच सरळ निरोप जातो, आणि लपवलेलं काही नसतं.

घेतलं त्यांनी! मी घरभर नाचले. माझं नाव आता तिथं आहे आणि मला त्याचा भारी अभिमान वाटतो. परदेशातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं विचारलं, ही पद्धत कुठल्या पुस्तकातली? मी "आईची" असं लिहिलं, मग पुसलं आणि "अनुभवातून" असं टाकलं. तुझी लाज नव्हती गं. त्यांनी तुझ्याबद्दल पुढं विचारलं असतं, तर 'होती' असं लिहावं लागलं असतं.