हिची कात्री

४ जानेवारी, सकाळी ७
थंडी. चहा केला, एक कप. हिला जाऊन चार महिने. हिच्या सात गुलाबांपैकी फाटकाजवळच्याची एक फांदी टोकाकडून काळी पडली आहे. कालच माळी येऊन गेला. योगायोग नसावा.

५ जानेवारी
माळ्याला विचारलं. म्हणाला, रोग आहे, हत्यारातून पसरतो, स्पिरिटने पुसत जा. हत्याराचं नाव त्याने आपणहून काढलं. चोराच्या मनात चांदणं. ठराव: यापुढे फाटकातून येणारं प्रत्येक हत्यार माझ्यासमोर पुसलं जाईल. काळी फांदी मीच कापली, हिच्या कात्रीने. लगेच आणखी काही झाडांची सुकलेली फुलंही उतरवली. हात चांगला बसला आहे.

९ जानेवारी
स्पिरिटच्या दोन बाटल्या आणल्या. माळ्याचं खुरपं, कुदळ, शेवटी चपलाही पुसून घेतल्या. विचारतो, "साहेब, मलाही पुसताय का?" उद्धटपणा.

१३ जानेवारी
आणखी तीन झाडं काळी. कापली. माळ्याला येऊ नकोस म्हणून सांगितलं. शेजारीणबाई कुंपणावरून बघत होत्या. हिचे गुलाब त्यांच्या डोळ्यांत सलायचेच. त्यांनी नवी कात्री घेतली आहे. कशाला?

१८ जानेवारी, दुपार
मुलीचा फोन. संशयितांची लिस्ट वाचून दाखवली. ऐकून म्हणाली, "बाबा, आणि आईची कात्री?"
म्हटलं, ती पुसायची नाही. मुठीला हिने कापडी पट्टी गुंडाळली आहे, तिला हिच्या क्रीमचा वास आहे. स्पिरिटने जाईल.
मग हळूच म्हणाली, "मूठ राहू दे. पातं पुसा ना."
पण स्पिरिट ओघळतं. शिवाय कात्री घरातली. तिच्यावर संशय घेण्याचं कारण नाही.

२४ जानेवारी
सहा झाडं गेली. सातवं ठणठणीत. तेच कुंपणाला लागून, शेजारीणबाईंच्या हाताच्या अंतरावर. काटे फार, म्हणून मी त्याला कात्री लावलेली नाही.
बराच वेळ पायरीवर बसलो.
लिस्टमधून शेजारीणबाईंचं नाव खोडलं. माळ्याला फोन केला, सोमवारी ये म्हटलं.

२५ जानेवारी, सकाळी ७
मुठीचा वास घेऊन पाहिला. लोखंडाचा आला, आणि माझ्या हाताचा.
कापूस घेतला. पातं पुसलं, दोनदा. मूठ रुमालात धरली होती, ओघळ लागू नये म्हणून.