सुतकाचं कार्ड

घोडेगाव,
१२ मार्च २००७

चि. दादाभाऊस,
उज्ज्वलाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी पोचलं. आम्ही इकडे ठीक आहोत. ह्यांचा गुडघा थंडीत फार छळत होता, ऊन तापायला लागल्यापासून बरा आहे. स्वराजची दहावीची परीक्षा चालू आहे. गणिताचा पेपर सोपा गेला म्हणतो, म्हणून मला काळजी लागली आहे. तुझं अक्षर अजून तसंच आहे. 'ळ'ची शेपटी पुढच्या अक्षराखाली ओढत न्यायची तुझी खोड काही गेली नाही. त्यापायी शाळेत मार खायचास आणि घरी आल्यावर मी तुला पाटीवर गिरवून द्यायचे.

आता तुझ्या मुद्द्यावर येते. यंदा नारायणगावच्या जत्रेत आपल्या 'बारवेतली सवाष्ण'चा खास खेळ लावणार आहेस. पुण्याच्या कॉलेजातली पोरं गाड्या करून येणार. मुंबईच्या कंपनीची दोन माणसं येणार, त्यांना हाच सिनेमा मोठे नटनट्या घेऊन नव्यानं काढायचा आहे. खेळाआधी समई लावायची, माझ्या फोटोला हार घालायचा, दोन मिनिटं सगळ्यांनी उभं राहायचं. आणि पुढच्या वर्षापासून 'कै. उज्ज्वला स्मृती पुरस्कार'. तेव्हा त्या चार दिवसांत मी जुन्नर तालुक्यात पाऊल टाकू नये, अशी तुझी विनंती. पुरस्काराची कल्पना मला आवडली. जिवंतपणी मला कुणी संगीतखुर्चीतसुद्धा बक्षीस दिलं नव्हतं.

तुझ्या पत्रानं ती बारव पुन्हा डोळ्यांपुढे आली. वारूळवाडीच्या दुकानातला तुझा लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा घेऊन आलास. रात्रीच्या लाइटांची सोय नव्हती, म्हणून भर दुपारी काचेवर निळा जिलेटिन कागद चिकटवलास आणि म्हणालास, "ही झाली अमावास्या." हिरवं लुगडं माझ्याच लग्नातलं. तोंडाला तांदळाचं पीठ, कपाळभर मळवट. बाळंतपणात मेलेली सवाष्ण बारवेतून वर येते आणि भेटेल त्या बाईला विचारते, "माझी ओटी कोण भरणार?" पायऱ्या तव्यासारख्या तापलेल्या, म्हणून मी चपला काढल्या नाहीत, आणि सिनेमात भुताच्या पायात चपला दिसल्या. पहिल्या वर्षी जत्रेच्या तंबूतली माणसं त्या चपलांना पोट धरून हसली आणि निम्मी उठून तमाशाला गेली.

दुसऱ्या वर्षी कुणी हसलं नाही, कारण तोवर मी मेले होते.

आम्ही वापीला होतो, ह्यांना तिथल्या कंपनीत काम लागलं होतं. तू गावात सांगितलंस की ताई तिकडेच कावीळ होऊन गेली, शूटिंगला वर्ष व्हायच्या आत. भुताच्या तोंडचं बोलली ते तिला भोवलं. तंबूत माणूस मावेना. मग मला पत्र टाकलंस, "दोन जत्रांपुरती मर, ताई." आणि मी हो म्हटलं. हे मी कुणाला सांगत नाही, पण तुझ्यापासून काय लपवायचं. हो म्हटलं आणि हसलेसुद्धा. धाकट्या भावाचं बस्तान बसतंय, आपलं काय जातंय, असं वाटलं.

दोन जत्रांच्या दहा झाल्या. कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या. सीडीच्या कव्हरवर माझा लग्नातला, मुंडावळ्यांनी निम्मा झाकलेला फोटो, त्याला हार आणि खाली 'कै. उज्ज्वला हिच्या पवित्र स्मृतीस'. पुण्याच्या हॉस्टेलात पोरं म्हणे सगळा सिनेमा तोंडपाठ म्हणतात, चपला दिसल्या की शिट्ट्या मारतात. आम्ही वापीहून घोडेगावला परत आलो, त्यालाही सात वर्षं होतील. इथं मला सगळे कुशाबाची बायको म्हणून ओळखतात, पिठाखालचा चेहरा कुणाला ठाऊक नाही. माझ्याच दारावरून पोरं "माझी ओटी कोण भरणार" ओरडत जातात आणि मी धुणं वाळत घालत असते. भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळते. तुला अक्षदा झाली, तिच्या बारशाला आत्या नव्हती, म्हणून नाव मावशीनं ठेवलं. तुझी लेक मी अजून पाहिलेली नाही.

हे सगळं मी गिळलं, दादाभाऊ. ह्यातलं काहीच मी कधी तुझ्यापुढे काढलं नसतं.

पण आई. माहेरी पिंपरी पेंढारला मी येऊ शकत नव्हते, म्हणून आई मला भेटायला मंचरच्या स्टँडवर यायची, हे तुला माहीत आहे. चौथ्या फलाटाच्या बाकावर आम्ही बसायचो. पदराखाली कुरडयांची पुरचुंडी, जशी काही चोरीच केली आहे. साळुबाईची लेक मेली म्हणून गावातल्या बाया तिला धीर द्यायच्या, आणि ती ऐकून घ्यायची, कारण तू तिला शपथ घातली होतीस. शेवटच्या खेपेला म्हणाली, "त्याचं चाललंय ते चालू दे बाई. पर माझ्या दहाव्याला तरी ये. तवा कुणाला भ्यायचं न्हाई." मी तिच्या हातावर हात ठेवून येईन म्हटलं.

पाच वर्षांपूर्वी जत्रेच्या तोंडावर तुझं पोस्टकार्ड आलं. त्यात काय होतं ते तू विसरला असशील, म्हणून उतरवून देते.

"ती. ताईस सा. न. आई मागल्या आठवड्यात शुक्रवारी गेली. दहावा आज उरकला. आधी कळवलं असतं तर तू आलीच असतीस, आणि जत्रा तोंडावर असताना तुला सगळ्यांसमोर उभी करणं जमणारं नव्हतं. समजून घे. दादाभाऊ."

घोडेगावहून पिंपरी पेंढारला यायला मला दोन तास लागले असते.

सुतकाचं पत्र वाचून लगेच फाडावं, घरात ठेवू नये, हे मलाही माहीत आहे. मी फाडलं नाही. ट्रंकेत, त्याच हिरव्या लुगड्याच्या घडीत ठेवलं आहे.

नंतर वर्षभरानं इथल्या स्टँडवर आपल्या शेजारची प्रयागबाई दिसली. मला बघून तिच्या हातातली पिशवी पडली. "उजे, तू मेलीस ना गं?"

"न्हाई मावशी, बस चुकली," मी म्हटलं.

तिनं गावात जाऊन सांगितलं, तर लोक म्हणाले, सवाष्ण आता घोडेगावच्या स्टँडवर दिसायला लागली. तुला तेवढ्यानंही फायदाच झाला असेल. पण त्या दिवशी बाकावर बसवून मी तिच्याकडून आईचा दहावा काढून घेतला. पिंडाला कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं. जमलेल्यांनी एकेक करून बोलून पाहिलं, म्हैस सांभाळू, देवीचा नवस फेडू, अक्षदाला शिकवू. कावळे बाभळीवर बसून राहिले. "तुजं नाव घ्यायचं कुणाला सुचंना," प्रयागबाई म्हणाली. "मेलेल्या लेकीला काय सांभाळायचं?"

तुला सुचलं असणार. त्या घाटावर एकट्या तुला माहीत होतं की तिचा जीव कुणात अडकला आहे. एक वाक्य बोलायचं होतं. मनातल्या मनात बोलला असतास तरी चाललं असतं. तू दर्भाचा कावळा करायला लावलास, पिंडाला टेकवलास आणि घरी गेलास.

म्हणून मी जत्रेला येणार आहे. मोठी बहीण आहे, तेव्हा एक संधी देते. हार घालायच्या आधी तू माइक हातात घे आणि सांग की माझी बहीण जिवंत आहे आणि आईच्या दहाव्याला मी तिला येऊ दिलं नाही. त्यापुढे मी एक अक्षर बोलणार नाही, तुझ्या पाठीवरून हात फिरवून परत जाईन. नाही सांगितलंस, तर कार्ड मी वाचीन. तारखेसकट.

घरात लहानमोठ्यांना यथायोग्य.

तुझी ताई,
उज्ज्वला
(नावाआधी काय लावायचं ते तूच बघ.)


घोडेगाव,
१६ एप्रिल २००७

चि. दादाभाऊस,
आशीर्वाद.

शेजारच्या फोनवर तू काल इतका ओरडत होतास की त्यांच्या ओट्यावरच्या तीन बायकांनीही ऐकलं. म्हणून उत्तर पत्रानं देते आहे. तू म्हणालास, मला भर तंबूत चपलेनं मारलं असतंस तरी चाललं असतं, पण माझ्या लेकीच्या तोंडून का? मी म्हटलं, चष्मा घरी राहिला होता आणि ती तुझी लेक हे मला कसं कळणार. मग तू फोन ठेवलास.

तुला सगळं दिसलंच आहे, तरी माझ्या बाजूनं कसं दिसलं ते ऐक.

बायकांच्या बाजूला मी पहिल्या रांगेत होते. तू मला पाहिलंस. एकदा पाहिलंस, मान वळवलीस, पुन्हा पाहिलंस. मी मांडीवरच्या पिशवीवर हात ठेवून शांत बसले होते. मला खरंच वाटलं की तू सांगशील. माइक तुझ्या हातात होता. आणि तू म्हणालास, "आज ताई असती तर..." आणि रुमाल काढून डोळे पुसलेस. पुसण्यासारखं काही नव्हतं, मी नीट बघत होते.

मग उठले. फोटोचा हार काढून टेबलावर ठेवला आणि तुझ्या हातातला माइक घेतला. "मी उज्ज्वला," एवढंच म्हटलं. चेहरा कुणी ओळखला नसता, पण आवाज त्यांना पाठ होता. कॉलेजची पोरं उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. त्यांना वाटलं, हाही खेळातलाच भाग. मुंबईच्या दोघांपैकी एक तर तुझ्या पाठीवर थाप मारत होता. तेव्हा मी कार्ड बाहेर काढलं, "चष्मा न्हाई माझ्याकडं," म्हटलं, आणि समईजवळ फुलांचं ताट घेऊन उभ्या असलेल्या मुलीच्या हातात दिलं. "बाळ, मोठ्यानं वाच."

चांगलं वाचते ती. कुठं अडखळली नाही. 'आधी कळवलं असतं तर तू आलीच असतीस' इथपर्यंत आली आणि थांबली. कार्ड डोळ्यांजवळ नेलं. माइक मी तिच्या तोंडापाशीच धरला होता, म्हणून सगळ्या तंबूला ऐकू गेलं.

"पप्पा, हे तुमचं अक्षर आहे ना?"

तिनं क्षणभर वाट पाहिली आणि उरलेलं वाचून टाकलं, तुझ्या सहीसकट. मागून कुणी म्हातारी म्हणाली, "आयच्या दहाव्याला सुदीक न्हाई येऊ दिली?" त्यानंतर पुन्हा टाळी वाजली नाही. मुंबईची माणसं मागच्या कनातीतून निघून गेली. पोरं आपापल्या गाड्यांकडे गेली, आणि जाताना एकानंही 'माझी ओटी कोण भरणार' म्हटलं नाही. अकरा वर्षांत मी पहिल्यांदा तो तंबू गप्प ऐकला. मला बरं वाटलं. इतकं बरं मला स्वराजच्या जन्मानंतर वाटलं नव्हतं, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

अक्षदानं मला विचारलं, "तुम्ही आत्या?" मी मान हलवली. तिनं ताट खाली ठेवलं आणि मला वाकून नमस्कार केला. कार्ड तिच्याच मुठीत राहिलं. मी मागितलं नाही. ती फाडेल की ठेवेल, ते आता तिचं तिच्यापाशी.

आणखी एक लिहायचं आहे. काल फोनवरच सांगणार होते, पण त्या बायका ऐकत होत्या.

चष्मा माझ्या पिशवीत होता. कार्ड काढताना बोटाला लागला. मी तो बाजूला सारला आणि कार्ड तेवढं काढलं.

आणि अक्षदाला मी तंबूत शिरताच ओळखलं. ओठ मुडपून उभं राहायची तऱ्हा थेट आईची. ताटावर पडलेली पाकळी आई जशी फुंकरीनं उडवायची तशी तिनं उडवली, तेव्हा तर शंकाच उरली नाही. माझ्याजवळ ताटं घेतलेल्या पोरींपैकी आणखी तिघी उभ्या होत्या. कुणालाही कार्ड देता आलं असतं. तू माझी आई माझ्यापासून तोडलीस, म्हणून तुझ्यापासून कोण तोडायचं ते मी तिथं उभी राहून निवडलं. वाईट वाटतं का, असं विचारशील. सकाळी उठल्यावर वाटतं. तिनं 'पप्पा' म्हटलं तो आवाज कानात येतो. दुपारपर्यंत मला तो घाट आठवतो, दर्भाचा कावळा आठवतो, आणि मग वाटत नाही.

ह्यांना हे सांगितलेलं नाही. आता तुला एकट्याला माहीत आहे.

शनिवारी ती इथं एकटी आली होती. अकरा वाजताच्या बसनं, कुणाला न सांगता. तुला वाटलं असेल मैत्रिणीकडे गेली. आईविषयी विचारत होती. मी तिला कुरडया तळून दिल्या. निघताना म्हणाली, "पुढच्या शनिवारी येऊ का आत्या?" मी ये म्हटलं. मला ती हवी आहे, दादाभाऊ. सूड घ्यायला गेले होते, आणि आता ही पोर हवीशी झाली आहे.

म्हणून हात जोडून सांगते, हे पत्र वाचून झालं की फाड. चष्म्याचं तिला कळू देऊ नकोस. तू फाडणार नाहीस हे मला माहीत आहे. माझ्याच अक्षरातलं आहे, जपून ठेवशील. मीही ठेवलंच होतं.

तुझी,
जिवंत ताई