मुंबईकडचं मशीन

बाभुळगाव, ता. ३ मे १९६१

चि. वच्छलास,
दादाचे अ. आ. व जयभीम. वि. वि.

महागावला जाऊन आलो. तुझे सासरे म्हणाले, पोरगा गेल्यापासून नात आमच्याकडं वाढली, आता नोकरी लागली की वच्छलानं लालीला खुशाल न्यावं. नाहीतर पोरगी थोरल्या सुनेच्या ओटीत घालू, तिला मूलबाळ नाही. तेव्हा बाई, नागपूरची टायपिंगची परीक्षा म्हणजे आपली लालीच समज.

मशीन तिथंच मिळेल. मराठी अक्षरं इथून तिथून सारखीच. वकीलसाहेबांच्या मशीनवर वर्षभर तुझ्या डोळ्यांवर दुपट्टा बांधून शिकवलं, ते विसरू नको. खाली बोटं पाहत बसणारा टायपिस्ट मले बिलकूल आवडत नाही. आणि मावशीकडं लाजून अर्धपोटी राहू नको, लाजाळूबाई!

लोभ आहेच, तो वाढू दे.
तुझा दादा, धर्मपाल

नागपूर, ता. १९ मे

ती. दादास,
वच्छलाचा शि. सा. जयभीम.

दादा, घात झाला रे! तू सांगितलं तसं मी खाली पाहिलंच नाही. सगळ्यांच्या आधी माझं पान संपलं. मनात म्हटलं, लाली आली घरी. कागद काढला तर एक शब्द धड नाही. परीक्षेच्या साहेबांनी सांगितलं की ही मशीनं मुंबईकडची, यांच्यावर अक्षरांच्या जागा निराळ्या. तू पाहत कुठं होतीस, असं विचारलं. दोघीतिघी आपापली मशीनं घेऊन आल्या होत्या. मी हात जोडून दुसरा कागद मागितला. ते म्हणाले, आता पुढच्या वर्षी.

महागावला जा, एक वर्ष मागून घे. नव्या जागा मी पुठ्ठ्यावर उतरवल्या आहेत, पाठ करून राह्यले. लालीबिगर मी जगू कशी?

मावशीचा आशीर्वाद. तुझी माया असू दे.
वच्छला

बाभुळगाव, ता. २ जून

चि. वच्छलास,
अ. आ. वि. वि.

आधी माझा गुन्हा ऐक. आपलं मशीन आणता येईल, असं परीक्षेच्या पत्रात लिहिलं होतं. मीच तुले सांगितलं नाही. वकीलसाहेबांजवळ मशीन मागायची मले लाज वाटली. वाटलं, काय फरक पडते?

महागावला गेलतो. सासरे वाईट बोलले नाहीत. चहा पाजला आणि सांगितलं की परवाच चार लोकांसमोर पोरगी थोरलीच्या ओटीत घातली. मी भांडलो, पाया पडलो. मग लालीला जवळ घेऊन म्हटलं की तुझ्या आईनं नागपूरहून निरोप पाठवला. ती हसली, तुझ्या जावेकडं बोट दाखवून म्हणाली की आई तर इथंच आहे.

लोभ ठेव, असं लिहायले आज हात धजत नाही.
धर्मपाल