अकरा ते बाराची खुर्ची

२ तारीख, रविवार

बाबांच्या हृदयाची एक झडप बदलायचं ठरलं. अठराला, मंगळवारी, सकाळी अकरा वाजता. सर्जनना मी चार प्रश्न विचारले, चारही उत्तरं सरळ मिळाली. समाधान. आईनं एकच प्रश्न विचारला, तोही बाहेर आल्यावर, मला: डॉक्टरांचे हात बघितलेस का, स्थिर होते ना. हा प्रश्न खरं तर मला सुचायला हवा होता. राग आला.

घरी आल्या आल्या आईनं जाहीर केलं. त्या दिवशी पुढच्या खोलीत अखंड प्रार्थना. दिवा विझायचा नाही, खुर्ची रिकामी राहायची नाही, प्रत्येकानं एक तास. ती आणि दादा हॉस्पिटलमध्ये, बाकीचे घरी. मला कुणी विचारलं नाही. गृहीत धरलं.

निर्धार: उद्या जेवताना सांगायचं. मी मानत नाही. तीन शब्द. वाद नाही, चढा आवाज नाही.

३ तारीख, सोमवार

सांगितलं नाही. आई बाबांच्या गोळ्या अर्ध्या करत होती, हातात सुरी होती. अशा वेळी समोरच्याचं लक्ष विचलित करू नये. हा भित्रेपणा नव्हे, सुरक्षिततेचा नियम आहे.

५ तारीख, बुधवार

लॅब. आम्ही तापमापकं तपासतो: गरम तेलाच्या टाकीत बुडवायची, आकडा बरोबर दाखवतात का बघायचं, प्रमाणपत्र द्यायचं. शेजारच्या टेबलावरच्या ताई रोज टाकी चालू करण्याआधी तिच्यावर हात ठेवून डोळे मिटतात. टाकी विजेवर चालते. आज राहवलं नाही. म्हटलं, ताई, त्यापेक्षा फ्यूज बघा. त्या म्हणाल्या, "तोही बघते की."

दिवसभर डोक्यात तेच.

माझं हिरवं पेन सापडत नव्हतं, म्हणून प्रमाणपत्रांवर सह्या केल्या नाहीत. दुसऱ्या पेनानं सही केली की तपासणी उलटते असं नाही. फक्त दोनदा तसं झालं आहे.

७ तारीख, शुक्रवार

आईनं फॅमिली ग्रुपवर वेळा टाकल्या. वहिनी दहा ते अकरा, मी अकरा ते बारा, मावशी बारा ते एक, पुढे शेजारच्या काकू. अकरा ते बारा, म्हणजे नेमका ऑपरेशन सुरू होण्याचा तास. डाव स्पष्ट आहे. ऐन भीतीच्या वेळी मला बसवायचं, म्हणजे मी आपोआप हात जोडीन. माणसाला इतकं कमी लेखू नये.

बाकी सगळ्यांनी खाली जोडलेले हात टाकले. मी अंगठा टाकला. अंगठा म्हणजे संमती नव्हे. पोच.

९ तारीख, रविवार

बाबांना गाठलं. बाबा माझ्या बाजूचे, ही माझी पक्की समजूत. घरात प्रार्थना सुरू झाली की पाचव्या मिनिटाला त्यांची मान कलते. म्हटलं, तुम्हीच सांगा आईला, हृदय तुमचं आहे. ते म्हणाले, "अगं, मी झोपतो कारण तेवढा वेळ मला कुणी काही विचारत नाही. तू आता विचारतेयस." वर म्हणाले की खुर्चीच आहे, सुळावर चढवत नाहीत, बस की तासभर.

झडप गळकी असली की मेंदूला रक्त कमी पोचतं. त्यांना दोष देत नाही.

निर्धार: आता वहिनीपासून सुरुवात.

१२ तारीख, बुधवार

वहिनीला सांगितलं. ती चादरींच्या घड्या घालत होती. मी मुद्देसूद बोलले. न मानणाऱ्या माणसानं त्या खुर्चीत बसणं हा मानणाऱ्यांचा अपमान आणि माझाही. तिनं चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "आईंच्या घशाखाली घास उतरत नाहीये," म्हणाली, "आणि तू नाकानं कांदे सोलतेयस." मग म्हणाली, कोपरे जुळव.

जुळवले. वाद मी जिंकत आले होते, पण चादर डबल बेडची होती.

१४ तारीख, शुक्रवार

उपाय सापडला. बसायचं, पण प्रार्थना करायची नाही. दिवा पेटता, खुर्ची भरलेली, प्रार्थना शून्य. बाबा ठणठणीत बाहेर आले की सगळ्यांसमोर मांडायचं: ऐन तासाला साखळी तुटली होती आणि काही बिघडलं नाही. इतकी स्वच्छ चाचणी या घरात पुन्हा होणे नाही.

आणि बाबा जर

वरची ओळ अर्धवट सोडत आहे. तो पर्याय नोंदवायची गरज नाही.

१७ तारीख, सोमवार

चाचणी चालू असताना ताईंनी टाकीतल्या तापमापकाला हात लावला. तिरकं झालं होतं म्हणे, क्षणभर सरळ केलं. मी दिवसभराची सगळी रीडिंग बाद केली. त्यांनी विनवून पाहिलं. मी सांगितलं, क्षणभर असो की तासभर, हात लागला म्हणजे लागला. नमुना दूषित, चाचणी रद्द. उद्या त्या सगळं पहिल्यापासून करणार. त्यांचा चेहरा एवढासा झाला. नियम म्हणजे नियम. मी उद्या रजेवर.

हिरवं पेन कोटाच्या अस्तरात सापडलं. उद्या जवळ ठेवणार. वेळा लिहायला.

१८ तारीख, मंगळवार

सकाळी ११. वहिनी उठली, मी बसले. ती मुलीला शाळेतून आणायला गेली. घरात एकटी. फोन बंद केला. चाचणीवर बाहेरचा परिणाम नको.

११.२०. टाकी तपासायची कृती मनातल्या मनात पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत म्हटली. मग पुन्हा. म्हणताना लय बरी लागते.

११.४५. दिवा मिणमिणला. तेल घातलं. परिस्थिती कायम ठेवणं भाग आहे.

१२.००. तास संपला. प्रार्थना शून्य. मावशी आलेली नाही.

१२.२०. मावशी नाही. उठता आलं असतं. पायाला मुंग्या आल्या होत्या, म्हणून उठले नाही. दोन्ही पायांना.

१२.४०. एक वाक्य तोंडातून गेलं. मोठ्यानं. बारानंतरचं आहे, म्हणजे चाचणीच्या वेळेबाहेर. नमुना शुद्ध.

१.००. मावशी धापा टाकत आली. बस बंद पडली होती. ऊठ गं बाई, म्हणाली. उठले.

संध्याकाळी. दादाचा फोन आला. बाबा बाहेर आले, सगळं व्यवस्थित. वहिनी रडली. मी नाही. माझ्या डोळ्यांत दिव्याचा धूर गेला होता.

१९ तारीख, बुधवार

बाबा शुद्धीवर आहेत. काचेतून पाहिलं, त्यांनी बोटं हलवली. बाहेर बाकावर आई, दादा, वहिनी, मावशी. मावशी म्हणाली, साखळी फळाला आली. हीच ती वेळ. मी उभी राहिले आणि सांगितलं. मी मानत नाही. काल अकरा ते बारा मी प्रार्थनेचं एक अक्षर म्हटलं नाही, आणि तरीही बाबा बरे आहेत.

कुणी दचकलं नाही. दादा म्हणाला, हळू बोल, पेशंट झोपलेत. आई थर्मासचं झाकण फिरवत होती.

"त्या तासात तुझे बाबा बाहेर स्ट्रेचरवर घोरत होते," ती म्हणाली. "आत नेलं साडेबाराला."

म्हटलं, वेळ अकराची दिली होती.

"द्यायची म्हणून देतात. इथली नर्स मला आधीच म्हणाली होती, साडेबाराच्या आत कधीच नेत नाहीत. म्हणून तर तुला अकरा ते बारा दिलं. तू मानत नाहीस हे काय मला आज कळलं? शाळेत होतीस तेव्हापासून नुसते ओठ हलवतेस."

संतापानं कानशिलं तापली. ज्या डावाशी मी इतके दिवस झुंजत होते, तो डाव नव्हताच. मला बिनकामाच्या तासाला बसवलं होतं, लहान मुलाला लिंबूटिंबू म्हणून खेळायला घेतात तसं.

मग मावशीचा चेहरा उतरला. ती एकला पोचली होती आणि हे तिनं अजून कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. आईनं थर्मास खाली ठेवला.

"म्हणजे यांना आत नेलं तेव्हा खुर्चीत तूच होतीस." मग म्हणाली, "काही म्हणालीस का गं?"

नाही म्हणायचं. एकच शब्द. माझं सगळं म्हणणं सिद्ध होत होतं, ठरवलं होतं त्याहून पक्कं. नेमका तेव्हाच ताईंचा सोमवारचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

हो म्हटलं.

काय म्हणालीस, ते आईनं विचारलं नाही. कपात चहा ओतून पुढे केला. घेतला.

नोंदीसाठी: "होऊ दे नीट." एवढंच. सर्जनना उद्देशून होतं. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला होते, त्यांना ऐकू गेलं नसावं.

नमुना दूषित. चाचणी रद्द. नियमाप्रमाणे फेरचाचणी घ्यावी लागते.

घेणार नाही.