माझ्या मयतीवर रडण्याबाबत

मी, सुंदरबाई श्यामराव बुराडे, वय ७१, राहणार दिघोरी, तालुका लाखांदूर, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे.

१. माझ्या नावावरचे घर आणि तलावाखालची धानाची बांधी माझी सून अंजू हिला द्यावी. मुलगा गेला म्हणून सुनेचा हक्क गेला, असे म्हणणाऱ्यांनी माझ्या दारात पाय ठेवू नये.

२. शाल, स्मृतिचिन्ह आणि प्रमाणपत्र पुतण्या अमरला द्यावे. ती त्याचीच कमाई आहे. गावात मयत झाली की मी बोल लावून रडत असे. घरच्या ज्या बाईला रडूच येत नसेल, तिला पोटाशी धरून मी गेलेल्या माणसाचे एकेक सांगायची, मग तिला रडू फुटायचे. तिला फुटले की मी गप्प. एवढेच माझे काम. अमरने नागपूरहून साहेब आणले. त्यांनी त्याला कलाप्रकार म्हटले आणि कोणी मेलेले नसताना मला मंचावर रडवले. टाळ्या पडल्या. मला बरे वाटले, खोटे कशाला लिहू.

३. पुढच्याच वर्षी माझा मनिष शेतातल्या मोटारीचा शॉक लागून गेला. मी डोळे मिटून रडत होते, मला काही कळले नाही. तेरवीला अमरने कौतुकाने व्हिडिओ दाखवला. त्यात अंजू हंबरडा फोडते आणि मोबाइल धरलेला अमर तिला म्हणतो, "वहिनी, थोडीशी चूप राय ना. काकूचा आवाज नाही येऊन राहिला." मागून बायका म्हणतात, "ऐकू दे वं, अंजू." नवऱ्याच्या प्रेताजवळ ती पोर तोंडात पदर कोंबून बसली. तेव्हापासून ती रडलेली नाही, आणि मी कोणाच्या मयतीला गेलेली नाही.

४. माझ्या मयतीला सगळ्यांनी अंगणाबाहेर थांबावे. माझी नक्कल करून कोणी रडू नये. अमरने तिरडीला खांदा द्यावा, म्हणजे त्याचे हात गुंतलेले राहतील. अंजूचे आटोपेपर्यंत मला उचलू नये.

अंजू, दार लावून घे. माझ्यासाठी नाही रडलीस तरी चालेल. मनिषचे राहिले आहे, ते माझ्या अंगावर पडून रडून घे. कसेही रड, बेसूर रड, मला शिव्या देऊन रड. ऐकायला कोणी नसेल. मीही नसेन.

हे मी माझ्या हाताने लिहिले आणि दोघांना वाचून दाखवून सही केली.

सही : सुंदरबाई श्यामराव बुराडे

साक्षीदार : सोमाजी नथ्थू तोंडरे (सही)
मंगलाबाई संघपाल रामटेके (सही)

दिघोरी, ३ मार्च २०२५